डब्याच्या फटी

माझ्या आधी आमच्या घरात कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वडील दाभोळला दुसऱ्याच्या लाँचवर खलाशी होते. आई मासळी निवडायची, सुकवायची, विकायची. मी शाळा पूर्ण केली त्या वर्षी विज्ञान शिकवणारे गुरुजी स्वतः घरी आले आणि हिला रत्नागिरीला पाठवा म्हणाले. पाठवायचं तर ठेवायचं कुठे, हा प्रश्न होता. तो सोडवला माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने. ताईचं सासर रत्नागिरीत बंदराजवळच्या वाडीत. भावोजींची स्वतःची लहान लाकडी लाँच होती, चार माणसांची. ते एवढंच म्हणाले की घरात एक पान जास्त वाढलं म्हणून कोणी बुडत नाही. चार वर्षं मी त्यांच्या माजघरात बसून अभ्यास केला. फीसुद्धा त्यांनीच भरली. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. मीच आज बोलतेय.

भौतिकशास्त्र घेऊन मी बी.एस्सी. झाले, तेव्हा वाडीतल्या बायका मला बघायला आल्या होत्या. ताईची सासू, जिला मी मावशी म्हणायचे, सगळ्यांना सांगायची की आमची पोर विजेचं शिकलीय. पुढे औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात मला नोकरी लागली. कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड, दोन लांब टेबलं आणि आम्ही पाच-सहा जण. बॅटरी चार्जर आणि वीज गेल्यावर लागणारे दिवे आम्ही बनवायचो. मालकांना आम्ही सर म्हणायचो. ते मुंबईत बरीच वर्षं काम करून गावी परतले होते. मुलगी आहे म्हणून त्यांनी मला फक्त तारा झाळण्याच्या, म्हणजे सोल्डरिंगच्या कामाला बसवलं नाही. गणितं करायला दिली. ही ऐंशीच्या दशकातली, ते दशक संपत आलं होतं त्या वेळची गोष्ट आहे.

सरांच्या डोक्यात एक नवीन वस्तू होती. लाकडी लाँच कितीही चांगली असली तरी तळाशी पाणी झिरपतंच. ते हातपंपाने उपसायचं काम खलाशांना आलटूनपालटून करावं लागतं. सरांना बॅटरीवर चालणारा पंप द्यायचा होता. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की तो आपोआप सुरू होईल, उतरलं की थांबेल. साधा स्विच खाऱ्या हवेत ठिणग्या पडून लवकर खराब होतो, म्हणून त्यांनी मुंबईहून एक नव्या प्रकारचा स्विच आणला. त्यात हलणारा भाग एकही नव्हता. शंकरपाळ्याच्या आकाराचा धातूचा तुकडा, खाली दोन पाय. मॉस्फेट म्हणतात त्याला. सोबत त्याच्या माहितीचा झेरॉक्स केलेला कागद होता, आणि त्यावर सगळ्यात वर छापलं होतं की हा सत्तावीस अँपिअर सतत वाहून नेऊ शकतो.

आमचा पंप आठ अँपिअर घ्यायचा. मी म्हणाले, मग काय प्रश्नच नाही. सर हसले नाहीत. त्यांनी कागदाच्या तळाच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. सत्तावीसचा आकडा होता तो स्विचचं बाहेरचं अंग पंचवीस अंशांवर धरून ठेवलं तर. म्हणजे रत्नागिरीत तो बर्फात गाडून ठेवला तर.

"आपला डबा कुठे बसणार?" त्यांनी विचारलं.

"इंजिनाच्या खणात."

"तिथली हवा किती?"

मी भावोजींच्या लाँचवर जाऊन थर्मामीटर टांगून आले. दुपारी इंजिन चालू असताना पन्नासच्या आसपास. तिथून मी हिशेब मांडला. तो सांगायला सोपा आहे, म्हणून सांगते. स्विचच्या पोटात दीडशे अंशांपेक्षा जास्त तापमान चालत नाही. बाहेरची हवाच पन्नास, म्हणजे मधले शंभर अंश एवढीच आपली मिळकत. स्विचमधून प्रवाह गेला की तो थोडी वीज स्वतःच खातो आणि तापतो. ही उष्णता पोटातून अंगात, अंगातून त्याला जोडलेल्या अॅल्युमिनियमच्या पात्यांत आणि पात्यांतून हवेत जायला हवी. प्रत्येक टप्प्यावर अडथळा असतो. आमच्या पात्यांसकट सगळे अडथळे मिळून दर वॅटमागे साडेपाच अंश वाढायचे. आठ अँपिअरला साडेनऊ वॅट, म्हणजे बावन्न-त्रेपन्न अंश. पन्नासात मिळवले की शंभराच्या जरा वर. दीडशे खूप लांब राहिले. सरांनी हिशेब दोनदा तपासला आणि पेन खिशात लावलं. त्यांच्याकडे तीच शाबासकी होती.

डबा तयार झाला. लोखंडी पेटी, सगळीकडून बंद, आणि पाठीवर अॅल्युमिनियमच्या उभ्या पात्या, एकमेकींपासून बोटभर अंतरावर. पहिला डबा कुणाच्या लाँचवर बसवायचा हे विचारायची वेळच आली नाही. भावोजी म्हणाले, घरात विजेची बाई असताना दुसऱ्याकडे कशाला.

सप्टेंबरच्या शेवटाला त्यांची लाँच किनाऱ्यावर ओढलेली होती. हंगामाच्या पहिल्या काही फेऱ्यांतच पाणी नेहमीपेक्षा जास्त यायला लागलं होतं, म्हणून फळ्यांच्या फटी पुन्हा भरून घ्यायच्या होत्या. त्याच वेळी मी पंप आणि डबा बसवला. काम संपताना बघते तर भावोजी आणि एक खलाशी जुना हातपंप उचकटून बाहेर काढत होते. त्या जागी त्यांना बर्फाची पेटी सरकवायची होती. मी म्हटलं, असू दे की तो पण. ते म्हणाले, "मेहुणबाई, मग तू शिकलीस कशाला?" खलाशी हसला. मीही हसले. मला अभिमान वाटला, हे लपवत नाही.

जाताना मी भावोजींचा हात धरून पात्यांवर ठेवला. कारखान्यात आम्ही थर्मामीटर लावायच्या आधी तळहात लावायचो, तीच पद्धत त्यांना दाखवली. सांगितलं की पंप चालू असताना अधूनमधून इथे हात ठेवा. कोमट लागेल, गरम लागेल, तोवर ठीक. हात आपोआप उचलला गेला, तर पंप बंद करा आणि परत येऊन मला सांगा.

"बायकोचा ताप बघत नाही एवढा, तुझ्या डब्याचा बघायचा," ते म्हणाले. ताई वाळूवर उभी होती. तिने ऐकलं आणि फक्त मान उडवली.

लाँच पाण्यात गेली. एक फेरी चांगली झाली. भावोजी परत येऊन म्हणाले की पंप घड्याळासारखा लागतो आणि थांबतो, खलाशी आता आळशी होणार. दुसऱ्या फेरीला ते गेले तेव्हा आभाळ स्वच्छ होतं, ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर भाजत होतं. ते जाऊन दोन दिवस झाले असतील, तोवर वारा फिरला. रेडिओवर समुद्रात न जाण्याचा इशारा सांगितला गेला. बंदरावर धोक्याचा बावटा चढला. जवळपासच्या लाँचा एकेक करून आत आल्या. आमची आली नाही.

यात नवीन काही नव्हतं. वाडीतल्या प्रत्येक घराने अशा दुपारी काढलेल्या असतात. वारा उठला की लाँच जवळच्या कुठल्या तरी खाडीत शिरते, नांगर टाकते, वारा पडला की येते. मावशीने तर नवरा, दीर, मुलगा सगळ्यांच्या वाटा बघितलेल्या. ती पडवीत बसून सुकी मासळी निवडत होती. ताई आत-बाहेर करत होती. मी कामावरून नुकतीच आले होते आणि उंबऱ्यावर टेकले होते. ताईचा चेहरा बघून मावशीला तिची कीव आली असावी. तिला धीर द्यायला म्हणून ती बोलली.

"येल तो. लाकूड घट्ट केलंय या वेळी. एक थेंब आत यायचा नाय. आणि हिचा तो डबा, तो पण मी भरून घेतलाय."

मी विचारलं, भरून घेतलाय म्हणजे काय.

"काय गो, एवढी शिकलीस नि डब्याला एवढ्या फटी तशाच सोडल्यास? मागच्या अंगाला रांगेत फटी. खारं पाणी शिरलं की आतलं सगळं कुजणार. लाँचच्या फटी भरणारा कारागीर होताच तिथे. मी म्हटलं, एवढ्या पण भर. कापूस दाबून वरून राळ ओतली. मी उभी राहून भरून घेतलं."

"सगळ्या?"

"एक ठेवली नाय."

तिच्या आवाजात जी माया होती ती मला आजही आठवते. त्या वाडीत जन्मलेल्या माणसाला फट दिसली की हात आपोआप कापसाकडे जातो. फट म्हणजे पाणी, आणि पाणी म्हणजे मरण, हे त्यांना शिकवावं लागत नाही. पात्यांमधल्या त्या मोकळ्या जागा मुद्दाम ठेवल्या आहेत, त्यातून हवा खेळावी म्हणून, हे मी भावोजींनाही सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारायचं कारण नव्हतं. कापसात मुरलेली राळ उष्णता धरून ठेवते. मावशीने माझ्या डब्याला गोधडी पांघरली होती.

 तोंड धुवायला म्हणून मागच्या दारी गेले आणि विहिरीच्या कठड्याला धरून उभी राहिले. डोक्यात आकडे आपोआप फिरायला लागले होते. आठाचा वर्ग चौसष्ट, गुणिले स्विचचा रोध. साडेनऊ वॅट. हवा पन्नास. साडेपाचातला पात्यांचा अडथळा चार धरला होता. आता तो किती? सहा? दहा? वीस? बाकी सगळं मला माहीत होतं आणि नेमका हाच एक आकडा नव्हता. तो सहा असेल तर भावोजी परत येतील. वीस असेल तर तो स्विच कधीच जळून गेला असेल. पंप बंद, हातपंप वाळूवर पडलेला, आणि वाऱ्यात चौघांतला एक सुकाणूवर, एक इंजिनापाशी. पाणी उपसायला उरले दोघे आणि बादल्या.

मी तशीच बंदरावर गेले. कुणी त्या बाजूला जात असेल तर निरोप द्यायचा होता, डबा उघडा करा एवढाच. बावट्याखाली सगळ्या लाँचा बांधलेल्या. भावोजींच्या ओळखीचे एक वयस्कर तांडेल, दुसऱ्या एका लाँचचे प्रमुख, दोरी आवरत होते. त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरी, लाँच फुटते ती खडकावर. डब्यावर फुटत नाही." मग माझ्याकडे बघून त्यांचा सूर बदलला. आज कोणी बाहेर पडणार नाही, त्यांनी सांगितलं. पडला तरी त्यांना शोधणार कुठे.

मी कारखान्यात गेले. सर निघायच्या बेतात होते. उभ्या उभ्याच त्यांना सांगितलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली. मला वाटलं होतं ते धीर देतील. त्यांनी विचारलं, "राळ कुठली? कापूस किती दाबला? घेऊन ये. मोजू."

मी घरी धावले. कारागिराच्या भांड्यात उरलेली राळ अंगणाच्या कडेला होती, ती घेतली. मावशीने विचारलं कशाला. कारखान्यात हवीय म्हटलं. खोटं नव्हतं.

त्याच मापाच्या पात्या आमच्याकडे होत्या. मी कापूस दाबून बसवला, सरांनी स्टोव्हवर राळ पातळ करून ओतली. पात्यांच्या बुडाशी एक भोक पाडून त्यात थर्मामीटर रोवला, माझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेला. पंपाच्या जागी मोटारगाडीचे दिवे जोडले, म्हणजे दिवे कमी-जास्त करून प्रवाह हवा तेवढा ठेवता येईल. आधी आठ अँपिअर लावले आणि आम्ही दोघं दोन स्टुलांवर बसलो.

अशा मोजणीत वाट बघायची असते ती पारा थांबायची. किती चढला याला अर्थ नसतो. जेवढी उष्णता आत येते तेवढी बाहेर जायला लागली की पारा थांबतो, आणि थांबला की सतत हा शब्द खरा होतो. उघड्या पात्यांवर तो सत्तरला थांबलेला मी स्वतः पाहिला होता. आता तो सत्तरवरून गेला. ऐंशीवरून गेला. मी मनात त्याला विनवत होते, थांब म्हणून, देवासमोर बसावं तशी. नव्वद. राळेचा वास सुटला, लाँच दुरुस्तीला ओढली की किनारभर पसरतो तोच. शंभरला राळ मऊ होऊन पात्यांच्या टोकाला थेंब धरायला लागली. पारा थांबला नव्हता. थर्मामीटर एकशे दहापर्यंतचाच होता. सरांनी चिमट्याने तो उपसून काढला आणि दिवे बंद केले.

शेडमधली हवा तेव्हा बत्तीस होती. समुद्रावर पन्नास. म्हणजे इथे एकशे दहा ते तिथे एकशे अठ्ठावीस, स्विचच्या पोटात आणखी चौदा-पंधरा. दीडशेला टेकलेलं, आणि अजून चढतंच असलेलं. त्यातून हा स्विच जेवढा तापतो तेवढा त्याचा रोध वाढतो, रोध वाढला की तो आणखी तापतो. एकदा ती घसरण सुरू झाली की ती अडवणारं काही नसतं.

मी टेबलावर डोकं टेकलं. सर म्हणाले, "उठ. अर्धं काम झालंय. किती चालेल ते काढायचं राहिलंय."

मला त्याचा राग आला. आता काढून काय करायचं होतं? पण मी उठले. पात्या गार होऊ दिल्या, राळेचे ओघळ पुन्हा दाबून बसवले आणि एक दिवा कमी केला. सात अँपिअरला पारा शंभराच्या पुढे सरकत राहिला. सहा अँपिअरला तो पंच्याण्णवच्या थोडा पुढे जाऊन थांबला. आम्ही बराच वेळ बघत राहिलो. हलला नाही. सरांनी आणखी एक करून बघितलं. पुन्हा आठ अँपिअर, पण थोडा वेळ चालू, तेवढाच वेळ बंद. तेव्हाही पारा थांबला, सहा अँपिअरच्या वेळेपेक्षाही खाली.

तर उत्तर मिळालं होतं. फटी बुजवलेल्या डब्याला सतत सहा अँपिअर सोसतात. पंप आठ घेतो. पंप थांबत थांबत चालला तर डबा जगेल. थांबलाच नाही तर नाही. सगळं गणित फिरून लाँचमध्ये पाणी किती येतंय यावर येऊन उभं राहिलं, आणि वारा तर वाढतच होता. सरांनी मला घरापर्यंत सोडलं. वाटेत एवढंच म्हणाले की भावोजींना हात ठेवायला सांगितलं होतंस ना. मी हो म्हटलं. 

घरी आल्यावर ताईने मला स्वयंपाकघरात गाठलं. माझ्या बोटांना राळ लागलेली होती.

"खरं सांग," ती म्हणाली.

मी सांगितलं. आकडे सांगितले नाहीत. पाणी सतत येत राहिलं तर पंप बंद पडेल, एवढं सांगितलं. मावशीचं नाव घेतलं नाही, पण ताई पडवीतलं बोलणं विसरली नव्हती. तिने सगळं जुळवलं. चुलीवरचं भांडं तिने उतरवून ठेवलं.

"हातपंप काढला तेव्हा मी काही म्हटलं नाही," ती म्हणाली. "तू म्हटलंस, आणि मग हसलीस."

  मग तिने माझ्या बोटांना खोबरेल लावून राळ काढायला सुरुवात केली. एकेक बोट धरून.  मला तिने ओरडलेलं चाललं असतं.

"आत्यांना सांगू नको," शेवटी ती म्हणाली. आत्या म्हणजे तिची सासू. "त्यांनी आयुष्यभर फटीच भरल्यात. ऐकून जातील त्या."

दुसऱ्या दिवशी वारा तसाच होता. मी कामावर गेले नाही. सकाळभर धक्क्यावर उभी होते. वाडीतल्या बायका येत-जात होत्या. एकीने मला विचारलं की तुझ्या पंपामुळे आता काळजी नाही ना. मी मान हलवली. तिला ती होकाराची वाटली. उन्हात उभं राहून मी पुन्हा पुन्हा तेच करत होते. हवा पन्नासऐवजी चाळीस धर. रात्री इंजिनाचा खण थोडा गार असेल. राळ वितळून ओघळली असेल तर अडथळा थोडा कमी. प्रत्येक वेळी मी आकडा थोडा माझ्या बाजूला ओढून बघायचे, आणि प्रत्येक वेळी ओढल्याची लाज वाटायची. आपण धरलेल्या आकड्यांनी समुद्रावरचं काही बदलत नाही, हे कळायला डिग्री लागत नव्हती.

दुपार कलताना वारा पडला. बाहेर अडकलेल्या लाँचा खाडीतून यायला लागल्या. पहिलीवर विचारलं, त्यांना दिसली नव्हती. दुसरीवरचा तांडेल म्हणाला की आदल्या दिवशी एक लाँच तळातलं पाणी बादल्यांनी फेकताना लांबून दिसली होती, कोणाची ते कळलं नाही. ताई माझ्या शेजारी उभी होती. तिने माझं मनगट पकडलं आणि सोडलंच नाही. तिच्या बांगड्या माझ्या हातात रुतल्या. पंप गेला, मी मनात म्हटलं. गेलाच.

आमची लाँच शेवटच्या काहींत आली. पाण्यात नेहमीपेक्षा खोल बसलेली, पण स्वतःच्या इंजिनावर. मी माणसं मोजली. चौघे होते. भावोजी पुढे उभे होते आणि त्यांच्या उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं.

लाँच धक्क्याला लागली. ताईने आधी फडक्याकडे बघितलं. भावोजी माझ्याकडे वळले.

"मेहुणबाई, तुझा डबा चावतो."

फडकं सोडून त्यांनी तळहात दाखवला. राळेने काळा झालेला, आणि राळेच्या कडेने फोड. मग त्यांनी सांगितलं ते असं. वाऱ्यात फळ्या सुटल्या आणि पाणी वाढलं. पंप लागला तो थांबेचना. ते इंजिनापाशी बसले होते. तेवढ्यात त्यांना ताज्या राळेचा वास आला, आणि भर समुद्रात हा वास कुठून म्हणून ते शोधायला लागले. डब्याशी आल्यावर त्यांना माझं सांगणं आठवलं. मी दाखवल्याप्रमाणे पूर्ण तळहात टेकवला. राळ मऊ झालेली, हात चिकटला. उचलला तेव्हा कातडी भाजली होती.

"तू म्हणाली होतीस हात उचलला गेला तर बंद करा. हा तर उचलता येत नव्हता. मी म्हटलं, म्हणजे बंदच करायचा."

पंप बंद करून त्यांनी बादल्या लावल्या. डब्याचा वास कमी झाला की पंप चालू करायचे, वास वाढला की बंद. हात ठेवायची सोय राहिली नव्हती, म्हणून नाकाने. मधल्या वेळात एका खलाशाने सुरीने दिसेल तेवढा कापूस उकरून काढला, कशाला ते कोणालाच नीट माहीत नव्हतं. काढल्यावर मात्र पंप जास्त वेळ चालायला लागला. सकाळपर्यंत त्यांनी असंच रेटलं. लांबून दिसलेली लाँच तीच होती.

मी तिथेच धक्क्यावर बसले.  सगळे मला बघत होते, आणि भावोजी डाव्या हाताने माझ्या डोक्यावर थोपटत होते, जसं काही मीच समुद्रावरून आले होते.

घरी मावशीने मुलाचा हात बघितला, हळद आणि खोबरेल लावलं, आणि मग डबा बघायला मागितला. अर्ध्या फटी उकरलेल्या बघून ती चिडली. "एवढं उभी राहून भरून घेतलं, नि उकरलास?" भावोजींनी माझ्याकडे बघितलं. फटी बुजल्यामुळेच डबा तापला हे त्यांना कळलं होतं, कधी कळलं माहीत नाही. "वाऱ्यात निघाली गो आये," ते म्हणाले. मावशी कारागिराच्या नावाने बोटं मोडत आत गेली.

पुढच्या आठवड्यात मी सरांना सांगितलं की पात्यांचा डबा आपण लाँचवर देऊ शकत नाही. एकाला समजावता येईल, सगळ्या किनाऱ्याला नाही. आम्ही पात्या काढून टाकल्या. त्याऐवजी अॅल्युमिनियमचा जाड सपाट पत्रा घेतला, मूळ पात्यांपेक्षा कितीतरी मोठा, आणि त्यावर रंग चढेल असं धरूनच हिशेब केला. पंप लहान घेतला, पाच अँपिअरचा. पाणी हळू उपसायचा, पण न थांबता चालायचा. पारा कुठे थांबतो ते पाहिल्याशिवाय मी त्यावर सही केली नाही.

तो डबा घेऊन मी लाँचवर गेले तेव्हा आधी हातपंप त्याच्या जागी बसवून घेतला. बर्फाची पेटी हलवावी लागली म्हणून खलाशी कुरकुरला. भावोजींचा हात अजून पुरता बरा नव्हता. ते काठावर बसून बघत होते, आणि या वेळी मी कशाला शिकले ते त्यांनी विचारलं नाही. मावशीही आली होती. तिने डबा मांडीवर घेतला, उलटासुलटा केला, चारी कडांवरून नखाने चाचपून बघितला.

"आता कसा," ती म्हणाली. "कुठे फट नाय." आणि डबा माझ्या हातात दिला.

जुना डबा मी मागून घेतला होता. तो माझ्याकडे आहे. उरलेल्या राळेत भावोजींच्या तळहाताचा ठसा उमटलाय, अंगठा आणि दोन बोटं स्पष्ट. उन्हाळ्यात राळ थोडी मऊ होते म्हणून मी तो खिडकीपासून लांब ठेवते.